बाई, तुमची साक्ष

बाई, परवा तुम्हांला पुरलं. मी आलो होतो, पण मिशनच्या कंपाउंडच्या आत आलो नाही. बाहेर रस्त्यावर सायकल धरून उभा राहिलो. आत बरीच गर्दी होती. नगरहून आलेल्या दोन मडमा होत्या, गावातले झाडून सगळे होते, वस्त्यांवरच्या बायका कडेवर पोरं घेऊन आल्या होत्या. त्यांतली निम्मी पोरं तुमच्याच हातांवर जन्मलेली. माझा धाकटा भाऊ वसंता आत होता. त्यानं तुमच्या पेटीला खांदा दिला. मी दिला नाही, आणि तू का दिलास म्हणून घरी आल्यावर त्याच्याशी भांडलो.

गेलेल्या माणसाला टाकून बोलू नये असं आमच्याकडे मानतात. तुमच्याकडेही मानत असतील. पण मी तुमच्या माघारी लोकांत बोलत नाही, तुमच्याशीच बोलतो आहे. नऊ वर्षं मी तुम्हांला मराठी शिकवलं. त्यानंतरची सहा वर्षं आपण एकाच गावात राहून एकमेकांशी बोललो नाही. एवढं साचलेलं घेऊन मी कुठे जाऊ?

तुम्ही पारनेर तालुक्यात आलात तेव्हा मी शाळेत नवा मास्तर होतो. दवाखान्याच्या व्हरांड्यात दोन खुर्च्या, मध्ये टेबल, टेबलावर तुमच्याच एका साहेबानं लिहिलेलं मराठीचं व्याकरण. पहिल्याच आठवड्यात तुम्ही माझी चूक काढलीत. मी एक वाक्य सांगितलं आणि तुम्ही पुस्तकावर बोट ठेवून म्हणालात, "पंडितजी, इथे असं लिहिलेलं नाही." मी म्हणालो, "पण आम्ही असंच बोलतो." तुम्ही थोडा विचार केलात आणि म्हणालात, "मग तुम्ही चुकीचं बोलता." मला तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही. माझ्या आईची भाषा मी कशी बोलावी हे सांगण्याची हिंमत तुमच्यात सहज होती. त्यात तुम्हांला काही वावगं वाटलंच नाही.

दुसरा प्रसंग 'बघू' या शब्दाचा. तुम्ही मला रविवारी प्रार्थनेला बोलावलंत. मी म्हणालो, "बघू." तुम्ही पेन खाली ठेवलंत.

"बघू म्हणजे हो की नाही?"

"नाही."

"मग नाही म्हणायला काय झालं?"

"समोरच्याला वाईट वाटतं."

मग तुम्ही मला अर्धा तास ऐकवलंत. तुमच्या देशात लहान मुलाला पहिली गोष्ट शिकवतात ती खरं बोलण्याची. खरं बोल, मग काय व्हायचं ते होवो. या देशात सगळे गोड बोलतात, म्हणून इथे कोणाचा कोणावर भरवसा नाही, म्हणून हा देश असा राहिला. तुमची न्यायकोर्टं, तुमचा कायदा, कायद्यापुढे राजा आणि रंक सारखे, हे सगळं त्या एका सवयीतून आलं. सत्य हे जणू तुमच्याकडे पिकतं आणि आमच्याकडे बोटीनं येतं.

मला राग यायला हवा होता. पण मला लाज वाटली. खरंच सांगतो, बाई, मला लाज वाटली. घरी येऊन मी आईशी, बायकोशी, शाळेतल्या पोरांशी तेच बोलायला लागलो. शाळेतल्या फळ्यावर वरच्या कोपऱ्यात 'खरे बोल' असं लिहून ठेवलं. वसंता पुण्याला कॉलेजात होता. सुट्टीत आला की माझी थट्टा करायचा. "दादा, आपल्यात खरं बोलणारा कोणी झालाच नाही का रे? बाई येईपर्यंत आपण सगळे थापाच मारत होतो?"

तो तुमच्याशीही वाद घालायचा. तुम्हांला तो आवडायचा हे मला माहीत आहे. लढाई सुरू झाली तेव्हा त्यानं तुम्हांला विचारलं होतं, "बाई, दुसऱ्याचा देश बळकावणं वाईट, म्हणून तुम्ही जर्मनीशी लढता. मग आमचं काय?" तुम्ही म्हणालात, "तुम्ही तयार झालात की तुम्हांलाही मिळेल." "तयार झालो हे कोण ठरवणार?" यावर तुम्ही म्हणालात, "ते पुढे बघू." वसंता टाळी वाजवून हसला. "दादा, बाईंना मराठी आलं!" तुम्हीही हसलात. कानापर्यंत लाल झाला होतात.

हे सगळं लिहिताना दुसरी एक गोष्ट झाकून ठेवली तर मीच खोटा ठरेन. माझी कुसुम चार वर्षांची असताना तिला घटसर्प झाला. श्वास कोंडून पोर निळी पडली होती. तुम्ही तिच्या गळ्याला छेद देऊन नळी बसवलीत आणि दोन दिवस तिच्या उशापासून उठला नाहीत. नळीत बेडका अडकला तेव्हा तुम्ही तोंडानं ओढून काढलात. तो रोग तुम्हांला लागू शकत होता, हे माझ्यापेक्षा तुम्हांला जास्त ठाऊक होतं. मी पाया पडायला वाकलो तर तुम्ही मागे सरलात आणि म्हणालात, "हे नको. घरी जा, झोपा." कुसुम आता तेरा वर्षांची आहे. गळ्यावर एक बारीक खूण आहे, तेवढीच.

म्हणून तर बेचाळीस सालच्या त्या आठवड्यात मला क्षणभरही शंका आली नाही.

नगरच्या किल्ल्यात देशाचे पुढारी आणून ठेवले होते. कॉलेजं बंद पडली होती आणि वसंता घरी आला होता. त्या दिवशी दुपारी तो पावसाची उघडीप आहे म्हणून मळ्यांकडे फिरायला गेला, तर ओढ्यापलीकडच्या वस्तीवर रडारड चाललेली. ठकूबाईची सून गंगू दोन दिवस अडली होती. तिचा नवरा सरकारच्या पलटणीत, आफ्रिकेत. घरात पुरुषमाणूस नाही. वसंतानं शेजारची बैलगाडी जोडली, गंगूला गवतावर निजवलं, ठकूबाईला मागे बसवलं आणि गाडी तुमच्या दारात आणली. तुम्ही रजिस्टरात लिहिलंत: आली दोन वाजून वीस मिनिटांनी. आणणाऱ्याचं नाव, वसंत. मग चार वाजून गेले तरी तो तिथेच होता. तुमचे कंपौंडर शांतवन स्टोव्हवर पाणी उकळत होते आणि वसंता बादल्या भरून देत होता. मुलगा झाला. वसंता घरी आला तेव्हा सदरा घामानं आणि रक्तानं भरला होता आणि तोंडभर हसत होता.

त्याच दुपारी, तीनच्या सुमारास, सात मैलांवरच्या एका गावात कोणीतरी चावडी पेटवली. आत दप्तर होतं, ते जळलं. तिसऱ्या दिवशी पोलीस आमच्या दारात. कॉलेजचा मुलगा, अंगात खादी, पुण्याहून आलेला. त्यांना आणखी काय हवं होतं? एका शिपायानं लिहून दिलं की त्यानं वसंताला पेटता बोळा हातात घेऊन पळताना डोळ्यांनी पाहिलं.

मी धावत तुमच्याकडे आलो. तुम्ही व्हरांड्यात हात धूत होता.

"बाई, तीन वाजता वसंता इथे होता. तुम्ही सांगाल ना?"

"अर्थात सांगेन," तुम्ही म्हणालात. "जे खरं आहे ते सांगेन. घाबरू नका."

मी घाबरलो नाही. वकिलांनी मला विचारलं, "मास्तर, आणखी कोणी साक्षीदार आहे का?" मी म्हणालो, "ठकूबाई आहे. पण मडमबाई स्वतः येणार आहेत. मग आणखी कशाला?" वकील म्हणाले, "तसं असेल तर काळजी नाही. गोऱ्या बाईच्या शब्दापुढे शिपायाचं काही चालायचं नाही."

खटल्याच्या चार दिवस आधी नगरहून मोटार आली. एक मोठा साहेब तुमच्या बंगल्यावर चहाला थांबला. मोटार मी शाळेच्या खिडकीतून पाहिली आणि मला वाटलं, बरंच झालं, बाईंनी साहेबालाच सगळं सांगितलं असेल.

पारनेरच्या कोर्टात आधी ठकूबाईला बोलावलं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "व्हय सायेब, ह्याच पोरानं माज्या सुनंला गाडीत घालून आनली. प्वार हुईस्तवर हितंच हुता. पानी वाहत हुता."

सरकारी वकिलानं विचारलं, "किती वाजता आलात?"

"मला घड्याळ न्हाई कळत."

"मग तीन वाजता तो तिथे होता हे तुला कसं कळलं?"

"आमी निघालो तवा सावली पायाखाली हुती, जरा कलली हुती. प्वार झालं तवा सावली दवाखान्याच्या भितीवर चढली हुती. सूर्व्या कळतो की मला."

कोर्टात लोक हसले. मॅजिस्ट्रेटही हसला. तो आमच्यातलाच होता, आमच्यासारखाच शिकलेला. त्यानं लिहून घेतलं की साक्षीदार अडाणी असून तिला वेळेचं ज्ञान नाही. बाई, त्या दिवशी त्या कोर्टात जेवढ्या साक्षी झाल्या, त्यांत ठकूबाईची सगळ्यांत चोख होती. मिनिटाचा काय तो फरक पडला असता. पण सूर्य कोर्टात चालत नाही, तुमचं घड्याळ चालतं. आणि घड्याळवाल्या तुम्ही होता.

तुम्ही करड्या रंगाची टोपी घालून आलात. मॅजिस्ट्रेटनं खुर्ची दिली आणि इंग्रजीत बोलायला हरकत नाही म्हणाला. तुम्ही म्हणालात, "मला मराठी येतं."

मग तुम्ही बोललात. शब्दन् शब्द मला पाठ आहे.

"हा तरुण त्या दिवशी दवाखान्यात आला होता, हे खरं. तो किती वेळ होता, हे मला नक्की सांगता येणार नाही. मी आत कामात होते."

आमच्या वकिलांचा चेहरा उतरला. त्यांनी रजिस्टर पुढे केलं. "यात दोन वाजून वीस मिनिटं ही वेळ तुमच्याच अक्षरात आहे ना?"

"अक्षर माझं आहे. वेळ नंतर अंदाजानं लिहिली असेल."

'असेल.' 'आहे' आणि 'असेल' यांतला फरक मी तुम्हांला एक आख्खा पावसाळा समजावत होतो. एकात खात्री, दुसऱ्यात शंका. तुमचा त्यात नेहमी घोटाळा व्हायचा. त्या दिवशी झाला नाही. उच्चार स्वच्छ, क्रियापद जागच्या जागी. मी तुमचा शिक्षक, मागच्या बाकावर बसून माझ्या भावाला तुमच्या तोंडून माझ्या मराठीत बुडताना ऐकत होतो. वसंतानं तुमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो ठकूबाईकडे पाहत होता.

दीड वर्ष सक्तमजुरी.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात आलो. मी काही विचारायच्या आत तुम्हीच सांगितलंत, तेवढं श्रेय तुम्हांला देतो. साहेबानं चहा पिता पिता म्हटलं होतं की असल्या भानगडीत परदेशी लोक पडले तर त्यांचा परवाना राहत नाही. दवाखान्याला कुलूप लागेल. "पंडितजी, पंचवीस मैलांत दुसरा दवाखाना नाही. गंगूसारख्या किती बायका येतात. त्यांनी कुठे जायचं?"

मी म्हणालो, "बाई, खरं बोल, मग काय व्हायचं ते होवो, असं तुम्हीच शिकवलंत."

तुम्ही टेबलावरचं रजिस्टर मिटून बाजूला सारलंत.

"ते आम्हांला शिकवायचं होतं, होय ना? पाळायचं आम्ही. तुम्हांला वेळप्रसंगी सूट."

"तुम्हांला हे कधी कळणार नाही," तुम्ही म्हणालात.

त्यानंतर मी त्या व्हरांड्यात पाय ठेवला नाही. तुम्ही चिठ्ठ्या पाठवल्यात, त्या मी न फोडता परत केल्या. मी त्या साहेबावर एवढा चिडलो नव्हतो. तो राज्य करायला आला होता आणि राज्य करत होता, त्यात लपवाछपवी नव्हती. राग तुमच्यावर होता, कारण तुम्ही आमच्यात राहून, आमचं खाऊन, आमच्या भाषेत, आम्ही कसे खोटे आहोत हे आम्हांला पटवलं होतंत. बंदुकीनं जे झालं नसतं ते तुम्ही व्हरांड्यात खुर्ची टाकून केलंत. पुढे लढाई संपताना वर्तमानपत्रात वाचलं की एकेका बॉम्बनं एकेक आख्खं शहर जाळलं, तेव्हा पहिला विचार मनात आला तो तुमचा. एक चावडी जळली म्हणून दीड वर्ष. यांना किती वर्षं? कुठल्या कोर्टात? हे तुम्हांला विचारावंसं फार वाटलं. पण बोलणं बंद होतं.

वसंता सुटून आला तो छातीत दुखणं घेऊन. कॉलेज संपलंच. आणि काय करावं त्यानं? औषधाला तुमच्याकडेच येऊ लागला. मी नको म्हणालो तर म्हणायचा, "दादा, माझ्या छातीला इंग्रज आणि मराठी कळत नाही." तुमच्यात काय बोलणं व्हायचं ते त्यानं मला कधी सांगितलं नाही. एकदाच म्हणाला, "ती नजर वर करत नाही रे. पुरे झालं." मला पुरे वाटलं नाही.

मग स्वातंत्र्य आलं आणि सगळंच उलटं झालं. चावडी जाळणारा शूर मुलगा म्हणून गावानं वसंताला हार घातला. तो व्यासपीठावर उभा राहून सांगत होता, "मी जाळली नाही. मी त्या वेळी दवाखान्यात पाणी भरत होतो." लोकांना वाटलं, किती हा विनय! त्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या. ठकूबाई तेवढी पुढे बसून ओरडत होती, "खरं बोलतोय त्यो, खरं बोलतोय!" तिचं तेव्हाही कोणी ऐकलं नाही.

गेल्या महिन्यात तुम्ही अंथरुणाला खिळलात आणि शांतवनला पाठवून मला बोलावलंत. सहा वर्षांनी मी आलो. तुम्ही अगदी वाळून गेला होता. उशाखालून एक कागद काढून माझ्यापुढे धरलात. त्यावर तुमच्या अक्षरात सगळं होतं. दोन वाजून वीस मिनिटांनी आला, चार वाजल्यानंतर गेला, कोर्टात मी खोटं बोलले. खाली सही.

"नव्या सरकारला द्या," तुम्ही म्हणालात. "वसंतरावांचं नाव स्वच्छ होईल."

"इंग्रजांचं राज्य असताना हा कागद का नाही लिहिलात, बाई?"

तुम्ही डोळे मिटलेत.

"आता त्याला कोणी गुन्हेगार समजत नाही. आता तुमचा परवाना कोणी काढून घेत नाही. आता सत्य स्वस्त झालंय म्हणून आठवलं?"

"तुम्ही मला क्षमा कराल?" तुम्ही मराठीतच विचारलंत. एकही चूक नव्हती.

"नाही," मी म्हणालो.

तुम्ही मान हलवलीत. जणू उत्तर बरोबर आलं. मी कागद घेतला नाही. कुसुमचं नाव जिभेवर होतं. पोर मोठी झाली, शहाणी आहे, गळ्यावरची खूण आता पुसट झाली आहे, एवढं तरी सांगायचं होतं. ते तसंच राहिलं. बाराव्या दिवशी तुम्ही गेलात.

काल संध्याकाळी शांतवन घरी आले. तुमच्या थडग्यावरच्या दगडासाठी मिशनच्या वरच्या मंडळींनी इंग्रजीत मजकूर पाठवला होता आणि त्याचं मराठी मी करावं अशी त्यांची विनंती होती. दोनच ओळी. हिनं आजाऱ्यांची सेवा केली. हिनं सत्याची साक्ष दिली. वसंता शेजारी बसला होता. मी पहिली ओळ लिहिली आणि दुसरी खोडली.

शांतवन म्हणाले, "मास्तर, ते आमच्या धर्मातलं बोलणं आहे. साक्ष म्हणजे कोर्टातली नाही."

"या गावात कोर्टातलीच," मी म्हणालो. "वरच्या मंडळींना कळवा, हे वाक्य मराठीत होत नाही."

वसंता म्हणाला, "लिही की, दादा. गेली बिचारी."

"तू कोण लिही म्हणणार? दीड वर्ष तुझं गेलं."

"म्हणूनच म्हणतो. माझं गेलं, तुझं नाही."

मी ऐकलं नाही. कागद शांतवनच्या हातात दिला. त्यांनी घडी घातली, पण उठले नाहीत. टोपी हातात फिरवत बसले. मग म्हणाले, "मास्तर, मी पण होतो त्या दिवशी. स्टोव्हवर पाणी मीच ठेवत होतो. वसंतराव समोर होते. भिंतीवरचं घड्याळ मलाही वाचता येतं."

मी लेखणी खाली ठेवली.

"तुम्ही मला विचारलंच नाहीत," ते म्हणाले. "विचारलं असतंत तर मी आलो असतो की नाही, खरंच सांगता येत नाही. नोकरी बाईंची होती, भीती मलाही होती. पण तुम्ही विचारलंच नाहीत. बाई आहेत म्हणालात."

ते गेल्यावर मी बसून राहिलो. मला कोणी गप्प केलं नव्हतं. कोणी साहेब माझ्याकडे चहाला आला नव्हता. गोऱ्या बाईचा शब्द एकटाच पुरेसा, आणि काळ्या कंपौंडरचा विचारण्याच्याही लायकीचा नाही, हे मी माझं मीच ठरवलं होतं. ठकूबाई बोलत असताना कोर्ट हसलं, तेव्हा मलाही ओशाळं वाटलं होतं. तिच्यासाठी नाही. आपली बाजू अशी गावंढळ दिसते म्हणून. हे मी आजवर वसंतालासुद्धा सांगितलेलं नाही.

आज सकाळी त्याला सांगितलं. तो उठून खोकला, पाणी प्यायला आणि अंगणात गेला.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, पंडितजी, आता तरी मला क्षमा करा, आपण दोघंही सारखेच. नाही, बाई. सारखे नाही. मी चुकलो ते तुमच्यावर विश्वास ठेवून. तुम्ही चुकलात ते आमच्या विश्वासाचं मोल जाणून. माझी लाज मी पुढे वागवीन, ती माझी आहे. पण तिच्या आडोशाला तुम्हांला उभं राहू देणार नाही. दगडावर एकच ओळ राहील. ती खरी आहे, आणि ती मी स्वतःच्या हातानं लिहिली आहे.